शंभराच्या आत

दौंडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सकाळी सगळ्यात आधी जाग यायची ती भांड्यांना. यार्डात मालगाडीचे डबे जोडताना एक धक्का इंजिनापासून निघून पार शेवटच्या डब्यापर्यंत जायचा आणि त्याबरोबर आईच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. पाहुण्यांची झोपमोड व्हायची, आमची कधी झाली नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या ड्यूटीला दिवस नव्हता, वार नव्हता. पण घरी असले की त्यांची रविवारची सकाळ ठरलेली. पांढरे कॅनव्हासचे बूट शनिवारीच धुऊन, वर खडूचं पाणी फासून, खिडकीत वाळत ठेवलेले असत. शेजारी तीन-चार जुने टेनिसचे बॉल. आई त्या बुटांकडे बघून म्हणायची, "नवऱ्यामुलाचे बूट सुद्धा कुणी इतक्या मायेनं पुसत नसंल." आप्पा हसायचे नाहीत. ते कमी हसायचे. वेळ, अंतर, डब्यांची संख्या, असं जे मोजता येतं त्यावरच त्यांचा विश्वास होता.

आप्पांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मामा त्यांच्या खूप आधी गेला. दोघांतलं कुणीच उरलं नाही म्हणून हे लिहायला धीर होतो आहे, आणि दोघांतलं कुणीच उरलं नाही म्हणूनच लिहून काही उपयोगही नाही. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस खेळतो. परवा त्यानं मला मोबाइल दाखवला. मॅच संपली की दहा मिनिटांत त्याचं रेटिंग वर किंवा खाली सरकतं. "मावशी, हे सगळं आपोआप होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे.

आमच्या काळी ते आपोआप होत नव्हतं. ते मी करत असे.

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमागं मुरमाचं एक टेनिस कोर्ट होतं. त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि मग खेळायचं. आप्पा तिथंच शिकले. मामा मात्र शिरूरचा. आईचा धाकटा भाऊ. आजोबांच्या हयातीपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. नंतर घोडनदीकाठी थोडी शेती झाली आणि मामाला सरकारी बंगल्यावर शिपायाची नोकरी लागली. बंगल्यामागं साहेब लोकांसाठी कोर्ट होतं. त्याचा रोलर ओढणं हे मामाचं काम. साहेब बदलून जात, नवे येत, कुणी खेळे, कुणी ढुंकून पाहत नसे. ज्या दिवशी कुणी येत नसे त्या दिवशी मामा अनवाणी खेळायचा, समोर भिंत धरून. आप्पांचं लग्न झालं तेव्हा नवरदेव टेनिस खेळतो हे कळल्यावर मामानं म्हणे मांडवातच विचारलं होतं, "दाजी, बॅकहँड कसा हाय तुमचा?"

तेव्हापासून ती जोडी. महिन्यातले दोन रविवार तरी मामा शिरूरहून पहिल्या एसटीनं यायचा. पिशवीत आजीनं दिलेले हुलग्याचे शेंगोळे, लसणाचा ठेचा, कधी वाळकं, कधी मटकी. चहा पिता पिताच त्याची तोंडपाटीलकी सुरू व्हायची. "ताई, तुझा नवरा पळतो कमी आन् घड्याळ बघतो जास्त. कोर्टावर बी त्यास्नी हिरवा झेंडा दाखवावा लागतो." आप्पा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचे, "तुझ्यासारखं मेंढरामागं धावल्यागत धावलं म्हणजे खेळ होत नाही." आप्पा उजव्या बाजूला, मामा डाव्या बाजूला. आप्पा बॉल जागेवर ठेवायचे, मामा उरलेलं सगळं कोर्ट पळून काढायचा. मी इन्स्टिट्यूटच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि पान न उलटता त्यांच्याकडे बघत राहायची. घरी एकमेकांशी मोजकं बोलणारी ही दोन माणसं तिथं न बोलता सगळं बोलायची.

मग डॉक्टरसाहेब आले. रेल्वेच्या दवाखान्यात बदलून आलेले, अविवाहित, टेनिसचं वेड असलेले. त्यांनी दौंड, शिरूर आणि साखर कारखान्याची कॉलनी अशा तिघांची मिळून डबल्सची लीग काढली. दिवाळीनंतर सुरू होणारी, दर रविवारी एक सामना. पण दोन तगडे खेळाडू एकत्र आले की बाकीच्यांनी नुसते बॉल वेचायचे, असं होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. त्यांनी स्वतः सगळ्यांचा खेळ पाहून सुरुवातीचे नंबर ठरवले: कुणी चाळीस, कुणी पंचेचाळीस, कारखान्याचे एक इंजिनिअर थेट साठ. नियम एकच. जोडीतल्या दोघांच्या नंबरांची बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये. म्हणजे तगड्यानं कच्च्याला सोबत घ्यायचं.

नंबर कायमचा नव्हता. प्रत्येक सामन्यानंतर तो हलायचा. सामन्याआधी दोन्ही जोड्यांची बेरीज बघायची. जड जोडी जिंकली तर तिनं जिंकायलाच हवं होतं, म्हणून तिला थोडंच मिळायचं, पाव-अर्धा गुण. हलकी जोडी जिंकली तर तिला एक, दीड, कधी दोनही. जिंकणाऱ्याला जेवढं मिळालं तेवढंच हरणाऱ्याचं जायचं. मी तेव्हा कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते. डॉक्टरसाहेबांनी कोष्टक माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "हे तुझं काम. तुझे वडील खेळतात, पण तू त्यांचीच मुलगी आहेस, त्यामुळे मला काळजी नाही." आप्पांच्या सचोटीवर दौंडमध्ये कुणाला शंका नव्हती. तिच्या भरवशावर ते काम मला मिळालं होतं.

आप्पांना सत्तावन्न मिळाले आणि मामाला सेहेचाळीस. एकशे तीन. इतक्या वर्षांची जोडी तीन गुणांनी मोडली. मामा बोर्डापुढं उभा राहून म्हणाला, "ह्यो काय न्याय म्हणायचा? चांगलं खेळलं म्हणून काडीमोड." सगळे हसले. आप्पांनी बुकिंग ऑफिसातल्या दिलीप नावाच्या पोरगेल्या क्लार्कला जोडीदार घेतलं, चाळीस नंबरचा. मामानं शिरूरच्या हायस्कूलचे एक मास्तर धरले. दोघंही लीग खेळले, पण रविवारी मामा दौंडला आला तरी आता तो नेटच्या पलीकडचा होता.

त्या पहिल्या हंगामात आप्पा हरायला लागले. वय पंचावन्नच्या घरात होतं, गुडघा सुजायचा, दिलीप जोरात मारायचा आणि बाहेर घालवायचा. दर सोमवारी मी नंबरांचा कागद इन्स्टिट्यूटच्या बोर्डवर लावायची आणि त्याची कार्बन कॉपी शिरूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. बोर्डापाशी घोळका जमायचा. "आप्पा, गाडी उताराला लागली बरं का!" "ब्रेकव्हॅनमधून ब्रेक मारा की, आप्पा!" असं काहीबाही चालायचं. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आप्पा चष्मा पुसून कागद वाचायचे, पुन्हा वाचायचे आणि घरी यायचे. त्या दिवशी ते जेवताना भाकरी मोडायचे नाहीत, नुसती कालवणात बुडवत राहायचे. एका सोमवारी मला ते बघवलं नाही. पुढच्या पराभवात त्यांचा एक गुण जायला हवा होता. मी अर्धा वजा केला.

इतकं सोपं होतं ते. कुणी पडताळून बघत नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं खरा नंबर लिहून ठेवायची, म्हणजे माझ्या मते मी खोटं बोलत नव्हते, फक्त थोडं थांबवून धरत होते. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मैत्रीच्या सामन्यांचेही नंबर लागत होते. दसऱ्यापर्यंत बोर्डवर आप्पा छप्पन्न होते. मागच्या पानावर साडेत्रेपन्न. मधल्या अडीच गुणांचा परिणाम दुसऱ्यांवरही होत होता हे मला समजत होतं. छप्पन्नवाल्याला हरवलं म्हणून लोकांना जरा जास्त मिळत होतं, ते पुढं त्यांच्याशी खेळणाऱ्यांकडे जात होतं. विहिरीत रंग टाकावा तसं ते सगळीकडे पसरलेलं होतं. पण आप्पांनी भाकरी मोडायला सुरुवात केली होती आणि एकोणीस वर्षांच्या मला तेवढं पुरत होतं.

त्या वर्षात मला मामाचा राग यायला लागला. यायचा तो पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचा, "सुमे, दाजींचा नंबर कितीवर आला गं?"

"छप्पन्न."

"आजून छप्पन्नच? त्या कारखानावाल्यांनी धुतलं नव्हतं का त्यास्नी?"

"धुतलं असेल. तुम्हाला काय एवढी घाई आहे मामा, ते खाली यायची?"

"घाई म्हंजी..." मामा हसायचा आणि शेंगोळ्यांचा डबा आईकडे द्यायचा. मला वाटायचं, जन्मभर आप्पांच्या मागं पळालेला हा माणूस आता त्यांना गाठायची वाट बघतोय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुढच्या हंगामाच्या जोड्यांची नावं द्यायची होती. दुपारी चार वाजता डॉक्टरसाहेब इन्स्टिट्यूटच्या व्हरांड्यात यादी बंद करणार होते. बोर्डवरचे नंबर त्यासाठी अखेरचे. मामा सकाळीच आला. उंबऱ्याशी त्याचा डावा खांदा चौकटीला धडकला, आणि आईनं चहाचा कप पुढं ठेवला तर त्याचा हात कपाच्या अलीकडेच चाचपडला. मी पाहिलं आणि काही लावून घेतलं नाही. चहा पिऊन तो आणि आप्पा बोर्ड बघून आले. मामाचा नंबर वर्षभर वरखाली होऊन पुन्हा सेहेचाळीसवरच आला होता.

"दोन गुण, दाजी," मामा ओट्यावर बसत म्हणाला. "एकशे दोन. वर्षभर मार खाल्ला आन् दोन गुणांसाठी अडकला व्हय तुम्ही. नीट म्हातारं बी होता येईना तुम्हाला."

आप्पा म्हणाले, "मी मनाशी हिशेब धरत होतो त्यात साडेत्रेपन्नच्या आसपास येत होतं. पण मला वाटलं, माझंच चुकतंय. ही कॉलेजात शिकते."

ते माझ्याकडे बघूनही बोलले नव्हते. मी आत गेले. आई परातीत पीठ घेऊन बसली होती, पण मळत नव्हती. तिनं खालच्या आवाजात सांगितलं ते असं. मामाला काचबिंदू होता. डावा डोळा उन्हाळ्यातच गेला होता. उजव्याची बाजूची नजर आत आत येत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, औषधानं लांबेल, थांबणार नाही. खेळायचंच असेल तर हा एक हिवाळा. हे फक्त आप्पांना आणि तिला ठाऊक होतं. "दोघांचं ठरलं व्हतं. मुद्दाम हरायचं न्हाई, खरं खेळूनच जेवढं खाली येईल तेवढं यायचं. शंभराच्या आत आले की शेवटचा सीझन जोडीनं. तुझे आप्पा म्हणाले, डाव्या अंगाला मी उभा राहतो, तू उजवीकडं ये, मंजी तुझी आंधळी बाजू माझ्याकडं." मग ती पीठ मळायला लागली आणि म्हणाली, "देवाला दोन गुण बी बघवले न्हाईत."

घड्याळात बारा वाजले होते. मी मागच्या पानाची वही घेऊन आप्पांना नळापाशी गाठलं. सगळं सांगितलं. साडेत्रेपन्न आणि सेहेचाळीस, साडेनव्याण्णव. चार वाजायला चार तास होते. आप्पांनी पान वाचलं. महिन्यांमागून महिन्यांच्या माझ्या पेन्सिलीच्या बारीक ओळी त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचल्या. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कुणासाठी केलंस हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"मी मागितलं होतं?"

मी रडत म्हटलं की मी आत्ता डॉक्टरसाहेबांकडे जाते, सगळं कबूल करते, नंबर बदलून घेते. आप्पांनी वही मिटली. मग म्हणाले, "चार वाजेपर्यंत जायचं नाही. वर्षभर जास्त नंबर लावून मिरवला, आणि यादी बंद व्हायच्या दिवशी सोयीचा म्हणून उतरवला, पोरगी घरातलीच, असं म्हणतील लोक. आणि खोटं म्हणणार नाहीत. उद्या सकाळी जा. सगळ्यांचे नंबर पहिल्यापासून नीट मांड. सगळ्यांचे."

"पण मामा..."

"त्याचं मी बघतो."

मी गेले नाही. डॉक्टरसाहेबांचा दवाखाना क्वार्टरपासून पाच मिनिटांवर होता. चार तास मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिले. आप्पांची ती सचोटी होती की अभिमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या पायांना तेल लावताना हे विचारायचं मी अनेकदा ठरवलं आणि दरवेळी तेलाची वाटी ठेवून उठून आले. माझ्या न जाण्याला मात्र कुठलंच नाव नाही.

मामाला त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. ओट्यावर दोघं शेजारी शेजारी बसले होते, एवढं दिसलं. मामा जाताना मला हाक मारेल म्हणून मी थांबले होते. तो पिशवी घेऊन, चौकटीला हात लावून अंदाज घेत, बाहेर पडला. त्यानंतर मामानं मला कधीही कुणाचा नंबर विचारला नाही.

सोमवारी मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, नुसते थकल्यासारखे दिसले. मी सहा दिवस बसून प्रत्येकाचा नंबर पहिल्या सामन्यापासून पुन्हा काढला. कुणाचा पाव हलला, कुणाचा अर्धा. नवा कागद लागला तेव्हा बोर्डापाशी एकानंही चेष्टा केली नाही. हे काम आता दुसऱ्याला द्या, असं मी म्हटलं, तर आप्पांनीच नकार दिला. "तूच मांडायचं," ते म्हणाले.

पौषात दौंडचा सामना शिरूरला होता, मामाच्या कोर्टावर. आप्पा आणि दिलीप एका बाजूला, मामा आणि मास्तर दुसऱ्या. मामानं डोळ्याचं कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि मास्तर उजवी बाजू सोडायला तयार नव्हते, त्यामुळे मामा आपल्या जुन्या जागी, डावीकडे उभा होता. त्याच्या डाव्या हाताला मोकळी पट्टी आणि मग जाळी. घोडनदीकडून गार वारा येत होता. कोर्ट त्यानं सकाळी स्वतः रोलर ओढून तयार केलं होतं. रेघा मात्र वाकड्या आल्या होत्या.

आप्पा बॉल मामाच्या उजव्या हातावर देत होते. एकदा, दोनदा, दहादा. जिथून तो बघू शकत होता तिथंच, अलगद. मामा ते मारत होता आणि दौंडचे गुण जात होते. पहिला सेट मामाचा झाला. दिलीप वैतागून म्हणाला, "आप्पा, डावीकडं सगळं मोकळं हाय! तिकडं टाका की!" आप्पांनी ऐकलं नाही. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला मामा खेळ थांबवून नेटपाशी आला. मी खुर्ची टाकून गुण लिहीत होते, तिथून सगळं ऐकू आलं.

"दाजी, भीक घालताय व्हय?"

"नाही रे."

"मग टाका की डावीकडं. तुमच्याकडून असला खेळ घेऊन मी काय करू? समद्या दौंडला तुम्ही खरं खेळून दाखवता. मला बी दाखवा."

आप्पा मागं गेले. सर्व्हिस झाली, मास्तरांनी परत मारलं, बॉल आप्पांकडे आला. त्यांनी तो मामाच्या डाव्या पट्टीत ठेवला. फार जोरात नाही, पण अचूक, त्यांच्या रेघेवर. मामा हलला नाही. समोर बघत, रॅकेट तयार धरून तो उभाच होता. बॉल टप्पा घेऊन जाळीवर आपटला, तो आवाज आल्यावर त्यानं मान वळवली.

"गेला व्हय?" त्यानं विचारलं.

"गेला," आप्पा म्हणाले.

पुढचे सगळे बॉल आप्पांनी तिथंच टाकले. मास्तर ओरडत होते, पळा की राव, काय उभं राहिलाय. उरलेले दोन्ही सेट दौंडला गेले. शेवटच्या गुणानंतर मामानं नेटवरून हात पुढं केला, तो आप्पांच्या हाताच्या थोडा बाजूला. आप्पांनी सरकून तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मामा पुन्हा लीगमध्ये खेळला नाही.

परतीच्या एसटीत मी आणि आप्पा शेजारी बसलो होतो. न्हावरा गाव जवळ आलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडत होती. मग एकदम, जे त्यांनी मला त्याआधी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"माझा नंबर किती वाढेल यात?"

त्यांची जोडी हलकी होती, शिरूरची जड. मी मनात आकडेमोड केली. "सव्वा," मी म्हटलं. आणि मग, त्यांचा चेहरा बघून, "आप्पा, मी..."

"जेवढा येतो तेवढाच लाव," ते म्हणाले. "कमी करू नकोस."

मी सव्वा लावला.